कृष्णेकाठाने वर, वेण्णेकाठाने खाली

वाई-महाबळेश्वरचा बेत ठरला की बहुतेक घरांत आधी ठिकाणांची यादी होते. ढोल्या गणपती, टेबल लँड, वेण्णा तलाव, प्रतापगड, वेळ उरला तर कास. मग त्या यादीमागे गाडी धावू लागते. एकाच दिवशी पसरणीचा घाट दोनदा चढला-उतरला जातो आणि संध्याकाळी आठवतं ते पार्किंग आणि गर्दी. माझी सूचना अशी, की यादी बाजूला ठेवा आणि नकाशावर दोन नद्या शोधा. कृष्णा आणि वेण्णा महाबळेश्वरच्या एकाच पठारावर उगम पावतात आणि डोंगररांगेच्या दोन बाजूंनी उतरतात. एक वाईवरून जाते, दुसरी मेढ्यावरून. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्या पुन्हा भेटतात. कृष्णेच्या अंगाने वर चढायचं, वेण्णेच्या अंगाने खाली यायचं आणि संगमावर फेरा पुरा करून वाईला परतायचं. मधे प्रतापगडला जाऊन आलं तरी सगळा प्रवास दोनशे किलोमीटरच्या आसपास होतो. त्याला तीन दिवस द्यावेत. या मुलखातल्या कथा आणि इथला इतिहास पाणी आणि उतार यांच्याच आधाराने घडला आहे. जमिनीच्या वळणाने गेलं तर तो आपोआप क्रमाने उलगडतो.

आधी वाईला पोचायचं कसं, ते पाहू. पुण्याकडून येणारे खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळतात. साताऱ्याकडून येणाऱ्यांना पाचवडचा फाटा सोयीचा. तिसरी वाट भोरहून मांढरदेवीच्या घाटाने वाईत उतरते. ही वाट सुंदर आहे, पण पौष महिन्यात काळूबाईच्या यात्रेच्या दिवसांत ती टाळावी. २५ जानेवारी २००५ ला तिथे चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे माणसं गेली. यात्रेच्या काळात तो रस्ता भाविकांचा आणि बंदोबस्ताचा असतो, फिरायला निघालेल्यांनी तिथे भर घालू नये. पंचांग पाहून निघणं ही इथे अंधश्रद्धा नव्हे, वाहतुकीची माहिती आहे.

पहिला दिवस पुरता वाईचा. वाईला दक्षिण काशी म्हणतात ते घाटांमुळे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी घाटांची नावं आहेत आणि माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर पाळीपाळीने फिरतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून कृष्णामाईला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईकर सांगतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी प्रतापगडावर ती उपयोगी पडेल.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे. ते गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. लोक मूर्ती पाहतात, नमस्कार करतात आणि निघतात. त्यांनी देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहायला हवी. ती माशाच्या आकारात निमुळती होत गेली आहे. पुराचं पाणी या टोकावर आलं की दुभंगतं आणि देवळाच्या दोन बाजूंनी निघून जातं. सपाट भिंत असती तर लोंढ्याचा सारा दाब तिने अंगावर घेतला असता. अडीचशेहून अधिक वर्षं पुरात उभं राहिलेलं हे देऊळ पाहिलं, की त्या काळच्या गवंड्यांना कृष्णा किती नीट ठाऊक होती ते कळतं. शेजारचं काशी विश्वेश्वराचं देऊळही रास्ते घराण्याचंच, १७५७ चं.

वाईत आणखी एक गोष्ट आहे, जी पर्यटनाच्या पत्रकात सहसा नसते. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा इथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याच परंपरेतले आणि मराठी विश्वकोशाचं काम याच गावातून चाललं. मोठ्या शहराबाहेर, नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी मराठीतलं एवढं मोठं ज्ञानकार्य उभं राहिलं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

दुपारनंतर मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट पाहायचा आणि घाटावरच्या छोट्या देवळीत टांगलेली प्रचंड घंटा शोधायची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांना लागल्या. त्यांतली ही एक. ‘स्वदेस’ या चित्रपटाचं बरंचसं चित्रीकरण याच घाटावर झालं, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्यालाही जागा ओळखीची वाटते. मेणवलीहून पुढे धोम. गावात नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे. महादेवासमोरचा नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसवला आहे. धौम्य ऋषींवरून गावाला धोम नाव पडलं असं सांगतात. कृष्णेवरचं धरण इथलंच.

इथेच दंतकथांचा प्रश्न पुढे येतो. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, उत्तरेला दिसतो तो पांडवगड, दक्षिणेला तो वैराटगड, धौम्य हे पांडवांचे पुरोहित. सगळं कसं जुळून येतं! पण विराटनगरीचा मान राजस्थानातलं बैराटही सांगतं, कर्नाटकातलं हानगलही सांगतं. गड म्हणाल तर पांडवगड आणि वैराटगड ही शिलाहार राजा भोजाची बांधकामं मानली जातात. मग कथा टाकून द्यायची का? मुळीच नाही. अज्ञातवासात राहायला माणूस कुठली जागा निवडेल याचा विचार करा. तिन्ही बाजूंनी डोंगर, आत शिरायला मोजक्या खिंडी, मधे बारमाही पाणी आणि पिकाऊ जमीन. वाईचं खोरं नेमकं असं आहे. दंतकथेने जागेचं वर्णन अचूक केलं आहे, नावं महाभारतातून घेतली आहेत. या भागातल्या प्रत्येक कथेला हाच प्रश्न विचारत जा, की ही कथा जमिनीबद्दल काय सांगते आहे.

हातात एक जास्तीचा दिवस आणि पायांत बळ असेल, तर वाईतच मुक्काम वाढवून रायरेश्वर किंवा कमळगड करावा. रायरेश्वराच्या देवळात शिवरायांनी १६४५ मध्ये स्वराज्याची शपथ घेतली अशी परंपरा आहे. पठारावर आजही जंगम कुटुंबं राहतात. कमळगडावर तट-बुरूज फारसे उरलेले नाहीत. पण माथ्यावर कातळ चिरून खाली उतरत जाणारी गेरूची विहीर आहे, तिच्या लाल भिंतींमधून पायऱ्या उतरताना उन्हाळ्यातही गारवा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पसरणीचा घाट चढायचा. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळे यांचं गाव. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या जरा वर आहे आणि पाचगणी तेराशेच्या जवळ. म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांत गाडी पावणेसहाशे मीटर चढते. घाटाचा हिशेब किलोमीटरमध्ये करू नका, वेळेत करा. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर धरले तर चुकत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे आणि त्यामागे कारणही आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणं अवघड असतं, उतरणाऱ्याला थांबणं सोपं. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेकवर सोडली की ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर धरत नाहीत. धुक्यात दिवे खाली करून चालवा. मोठा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. माकडांना खायला घालायला रस्त्यात थांबू नका, मागची गाडी वळणावरून येत असते.

पाचगणीला टेबल लँडवर घोडे आणि खाऊच्या गाड्या यांपलीकडे पाहण्यासारखी गोष्ट पायाखाली आहे. हे सपाट पठार जांभ्या दगडाचं आहे. खाली काळा कातळ, वर जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी तो शोषून घेतो, ते झिरपत खालच्या घट्ट थरापर्यंत जातं आणि तिथे अडून कड्याच्या अंगाने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. पाऊस संपून महिने झाले तरी डोंगरमाथ्यावर पाणी वाहत राहतं ते यामुळे. हा भूगोल पाचगणीला समजून घेतला की क्षेत्र महाबळेश्वरची पाच नद्यांची कथा दुप्पट आवडते. पुढच्या रस्त्यावर भिलारला वळून तासभर काढावा. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे. गावातल्या घराघरांत मराठी पुस्तकं ठेवली आहेत, कुणीही बसून वाचावीत.

महाबळेश्वरात दुपारी शिरून तिथेच अडकण्यापेक्षा सरळ पुढे आंबेनळी घाटाने प्रतापगडाकडे उतरावं. अंतर बावीस-चोवीस किलोमीटर. या अर्ध्या दिवसात इतिहास जसा दिसतो तसा पुस्तकातून दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

अफझलखान विजापूरहून निघून वाईला येऊन बसला तो १६५९ साली. वाई त्याला नवी नव्हती, पूर्वी तो इथला सुभेदार होता. काल तुम्ही जे खोरं पाहिलं ते मोठ्या फौजेला योग्य आहे. घोड्यांना गवत, हत्तींना पाणी, माणसांना धान्य, तंबू टाकायला मोकळी जमीन. शिवरायांनी या मैदानात येऊन लढावं असं खानाला वाटणं साहजिक होतं. शिवराय मात्र जावळीत राहिले. जावळी त्यांनी जानेवारी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून घेतली होती आणि लगोलग मोरोपंत पिंगळ्यांकरवी प्रतापगड उभारायला घेतला होता. शिवरायांचे वकील पंताजी गोपीनाथ यांची बोलणी अशी रंगली की खानानेच वाई सोडून जावळीत यायचं ठरवलं. त्याची फौज डोंगर ओलांडून, रडतोंडीच्या घाटाने कोयनेच्या काठी पार गावाजवळ उतरली. त्या घाटाचं नावच वाटेबद्दल पुरेसं सांगतं.

आता आपण गाडीतून काय पाहिलं ते आठवा. सकाळी मोकळं खोरं, मग उभा चढ, मग पठार आणि आता दोन्ही बाजूंनी दाट झाडी, खाली कोयनेची अरुंद दरी. घोडदळ पसरायला इथे जागा नाही, हत्ती वळवायला जागा नाही, तोफा ओढायला वाट नाही. मागे फिरायचं तर तोच उभा चढ. १० नोव्हेंबर १६५९ ला गडाच्या पायथ्याशी शिवराय आणि खान यांची भेट झाली तेव्हा युद्धाचा अर्धा निकाल या भूगोलाने लावलेला होता. उरलेलं धैर्य शिवरायांचं, जिवा महालाचं आणि झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्यांचं. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला. वाईच्या घाटावरचा नवस आणि इथली लढाई यांच्यात एका दिवसाच्या प्रवासाचं अंतर आहे, ते चढ-उतारासह अंगावर घेतल्यावर वाईकरांचा तो उत्सव आजवर का टिकला ते उमगतं.

गडावर भवानीचं देऊळ, बालेकिल्ला आणि १९५७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा पाहा. बुरुजावरून पूर्वेला पार आणि जावळीचं रान, पश्चिमेला कोकण दिसतं. वेळ असेल तर पार गावात उतरून कोयनेवरचा शिवकालीन कमानींचा पूल पाहावा, लोक अजून त्यावरून ये-जा करतात. अंधार पडायच्या आत आंबेनळी चढून महाबळेश्वरला मुक्कामाला या. हा घाट हलक्यात घेऊ नये. २८ जुलै २०१८ ला याच घाटात एक बस दरीत कोसळून तीस जणांचा जीव गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेकडे न वळता क्षेत्र महाबळेश्वरला जा, अंतर पाच-सहा किलोमीटर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे प्रवाह दगडी गोमुखांतून येतात. आणखी दोन मुखं आहेत. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी वाहते अशी श्रद्धा आहे. भागीरथीचा हा बारा वर्षांचा फेरा कन्यागत पर्वाशी जोडलेला. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते असं मानतात, वाईत २०१६ साली हे पर्व साजरं झालं.

इथली कथा अशी. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून गायत्रीला तिच्या जागी बसवलं. सावित्री आली आणि संतापून तिने सगळ्यांना शाप दिला की तुम्ही नद्या व्हाल. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. सावित्री आणि गायत्रीही नद्या झाल्या. आता नकाशा उघडा. कृष्णा, वेण्णा आणि कोयना या तिघी पूर्वेचा देश धरून अखेर एकत्र होतात आणि बंगालच्या उपसागराकडे जातात. सावित्री आणि गायत्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरतात आणि अरबी समुद्राला मिळतात. देव एका बाजूला, भांडणाऱ्या दोघी दुसऱ्या बाजूला. सह्याद्रीचा पाणलोट जिथे दुभंगतो ती रेघ या कथेत जशीच्या तशी आहे. ज्यांनी ही कथा रचली त्यांना पाचही प्रवाहांची दिशा नक्की ठाऊक होती.

याच क्षेत्री ६ जानेवारी १६६५ ला, सूर्यग्रहणाच्या वेळी, शिवरायांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. पंचगंगेपासून थोडं चालत गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ लागतं. गर्दी तिथवर सहसा येत नाही. देवळाच्या कडेवरून कृष्णेचं खोरं दूरवर दिसतं, पहिल्या दिवशी धोमला ज्या धरणाकाठी उभे होता त्याच दिशेने ते जातं. माझ्या मते साऱ्या फेऱ्यातली ही सर्वांत मोलाची जागा आहे. इथे घाई करू नका.

मग परतीची वाट. आलात त्या पसरणीने परतू नका, केळघर घाटाने मेढ्याकडे उतरा. महाबळेश्वर ते सातारा हा रस्ता पंचावन्न किलोमीटरच्या आसपास आहे. वेण्णेचं खोरं कृष्णेपेक्षा अरुंद, भाताची खाचरं अधिक, हॉटेलं कमी. मेढ्यानंतर कण्हेर धरण लागतं. साताऱ्यात जेवून संगम माहुलीला जा, गावापासून पाचेक किलोमीटरवर. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. महाराणी ताराबाईंची समाधी इथे आहे आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही. काठावरचं विश्वेश्वराचं देऊळ निवांत पाहावं. वाईला परतताना महामार्गाजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधून घेतली. बारा मोटा एकाच वेळी चालाव्यात अशी ही विहीर, आत दालनं, भिंतींवर कोरीव शिल्पं. आमराईला पाणी मिळावं म्हणून केलेलं बांधकाम इतकं देखणं असू शकतं!

कधी निघायचं? दसऱ्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. नद्यांना पाणी असतं, हवा स्वच्छ, दूरचे डोंगर ओळखता येतात. डिसेंबरपासून स्ट्रॉबेरीही येते. दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून द्या, त्या दिवसांत पसरणीत गाड्यांची रांग हलत नाही. कासची फुलं पाहायची असतील तर सप्टेंबर धरावा लागतो आणि त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती सहल वेगळी करावी, या फेऱ्यात कोंबू नये.

पावसाळ्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पूर्वेला उतरणारी हवा कोरडी होत जाते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश आणि वाईला त्याहून कितीतरी कमी. वाईत ऊन पाहून वर निघालेली गाडी तासाभरात मुसळधार पावसात सापडते ती यामुळे. २२ जुलै २०२१ पासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळीचा रस्ता तुटला, वाई तालुक्यात देवरुखवाडीवर दरड आली. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर वाई आणि मेणवली पुरेसं आहे. घाट चढण्याआधी वाईच्या एसटी स्टँडवर विचारा. वरच्या गाड्या वेळेवर सुटत असतील तर रस्ता ठीक आहे, एसटी थांबली असेल तर तुम्हीही थांबा.

चौथा दिवस काढता आला तर माहुलीहून वाईला न वळता कृष्णेबरोबर दक्षिणेला जावं. कराडला कोयना कृष्णेला समोरासमोर येऊन भिडते आणि प्रवाह काटकोनात पूर्वेला वळतो, त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पुढे वाळवा तालुक्यातलं बहे, रामदासस्वामींनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे. प्रभू रामचंद्र पूजेला बसले असताना कृष्णेला पूर आला आणि मारुतीने दोन बाहू पसरून पाणी दोन बाजूंना वळवलं, अशी इथली कथा. देऊळ नदीतल्या बेटावर आहे आणि प्रवाह खरोखरच दुभंगून वाहतो. ढोल्या गणपतीची भिंत जे काम दगडाने करते, तेच इथे कथेत मारुती करतो. शेवटी सांगली. तिथल्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा आहेत, २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जवळच हरिपूरला वारणा येऊन मिळते. संगमेश्वराचं देऊळ पाहा आणि गावातल्या जाणत्या माणसाला हळदीच्या पेवांबद्दल विचारा. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकत असे, २००५ च्या पुराने त्यांतली बहुतेक पेवं निकामी केली. उरलेली कुठे आहेत ते गावकरीच दाखवू शकतील.